पेप्टाइड आणि नैराश्य: मात्रेचा उलटा हिशेब

नैराश्यावरचे औषध म्हणून पेप्टाइडांचा विचार सुरू झाला तो थायरॉइडच्या वाटेने. थायरॉइडला चालना देणारे टीआरएच हे अवघ्या तीन अमिनो आम्लांचे हॉर्मोन. शाली आणि गिलेमिन यांच्या परस्परांशी चुरस असलेल्या प्रयोगशाळांनी १९६९ मध्ये त्याची रचना उलगडली. १९७२ मध्ये प्रांज आणि सहकाऱ्यांनी नैराश्यग्रस्त दहा स्त्रियांना ते शिरेतून दिले आणि काही तासांतच मन हलके झाल्याची नोंद केली. गोळ्यांचा गुण येण्यासाठी दोन-तीन आठवडे वाट पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना याचे अप्रूप वाटले नसते तरच नवल. पुढच्या चाचण्यांत मात्र हा गुण टिकला नाही. शिवाय टीआरएच शिरेतून गेले की मळमळते, चेहरा तापतो, लघवीची घाई होते. तुलनेला नुसते सलाइन असेल, तर कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळते आणि डॉक्टरलाही. दुहेरी अंध चाचणीचे आंधळेपण तिथेच संपते.

मूळ अडचण पेप्टाइडांच्या घडणीतच आहे. रक्तातील एन्झाइमे त्यांचे काही मिनिटांत तुकडे करतात, आतड्यात बहुतेकांचा निभाव लागत नाही आणि रक्त-मेंदू अडथळा ओलांडून आत पोचते ते थोडेच.

एमआयएफ-१ हे दुसरे त्रिपेप्टाइड तोंडावाटे दिले गेले. त्याचा अभ्यास एरेन्सिंग आणि कास्टिन यांनी केला. त्यांच्या १९७८ च्या निबंधातील निरीक्षण आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे: रोज ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना बरे वाटले, ७५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना नाही. गुण आला नाही की मात्रा वाढवायची, ही दवाखान्यातली रोजची सवय इथे उलटी पडते. त्वचेखाली टोचायचे नेमिफिटाइड हे याच कुळातले पाच अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड. त्याच्याही सुरुवातीच्या आशा मोठ्या चाचण्यांत विरल्या.

सर्वांत दूरवर गेले ते रॅपास्टिनेल. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोसेफ मॉस्कल यांच्या गटाने एनएमडीए ग्राहीला चिकटणाऱ्या एका प्रतिपिंडापासून चार अमिनो आम्लांचा हा तुकडा घडवला. केटामिनसारखा झटपट गुण, पण भ्रम किंवा तंद्री नाही, असा त्याचा दावा होता. दुसऱ्या टप्प्यातील एका चाचणीत दर किलो वजनामागे ५ आणि १० मिलिग्रॅमची मात्रा लागू पडली; १ आणि ३० मिलिग्रॅमची नाही. एमआयएफ-१ चाच उलटा हिशेब पुन्हा समोर आला. तरीही २०१५ मध्ये ॲलर्गनने मूळ कंपनी नॉरेक्स ५६ कोटी डॉलर मोजून विकत घेतली आणि २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रॅपास्टिनेलला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. ५ मार्च २०१९ रोजी त्याच प्रशासनाने एस्केटामिनच्या नाकातील फवाऱ्याला मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी ॲलर्गनने जाहीर केले, की चालू औषधाला जोड म्हणून दर आठवड्याला शिरेतून दिलेले रॅपास्टिनेल तिसऱ्या टप्प्यातील तिन्ही चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही.

याचा दोष एकट्या रेणूवर टाकणे घाईचे ठरेल. नैराश्याच्या चाचण्यांत प्लासिबोचाच गुण भरपूर असतो. दर आठवड्याला कोणीतरी अर्धा तास आस्थेने विचारपूस करते, शिरेत सुई जाते, काहीतरी मोठे चालले आहे असे रुग्णाला वाटते. याचाही त्यात वाटा असतो. अशा गोंगाटात कमानीसारखा मात्रा-आलेख असलेल्या औषधाची नेमकी जागा सापडणे कठीण.

फ्रान्समधील स्पॅडिनची दिशा निराळी आहे. ट्रेक-१ हा पोटॅशियम मार्ग नसलेले उंदीर नैराश्यसदृश वागणुकीला दाद देत नाहीत, हे २००६ मध्ये दिसले होते. सॉर्टिलिन या प्रथिनाच्या निखळणाऱ्या भागापासून मिळालेले स्पॅडिन तोच मार्ग बंद करते. २०१० च्या प्रयोगांत उंदरांवर त्याचा परिणाम चार दिवसांत दिसला. त्याहून आखूड आणि अधिक टिकाऊ रूपेही पुढे तयार झाली. पण उंदीर पाण्यात किती वेळ हातपाय मारतो, यावरून माणसाच्या खिन्नतेचा अंदाज बांधण्याची मर्यादा रॅपास्टिनेलनेच दाखवली आहे.

अमेरिका, युरोप किंवा भारतात नैराश्यासाठी मान्यता मिळालेले एकही पेप्टाइड आज नाही. तरीही ‘केवळ संशोधनासाठी’ असे लेबल लावलेल्या कुप्या विकल्या जातात आणि एखादा रुग्ण त्यातलीच एक कुपी खिशातून काढून टेबलावर ठेवतो. तिच्या शुद्धतेची आणि निर्जंतुकतेची हमी कोणी देत नाही. मात्रा तर विकणाऱ्याने अंदाजाने ठरवलेली असते, आणि गुण नाही आला तर ती वाढवा, असा सल्लाही तोच देतो.