अडकित्ता, साखर आणि मुंग्या

सदरकाराने सुपारी सोडली आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. याच जागेवर त्याने ते दोनदा जाहीर केलं आहे. त्यामुळे गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला, वर्ध्यातल्या राहत्या घरी, त्याच्या डाव्या तर्जनीचं टोक अडकित्त्यात सापडलं कसं, याचा खुलासा अवघडच होता. ‘जुना अडकित्ता पुसत होतो,’ तो म्हणाला. सौभाग्यवतींनी ऐकून घेतलं आणि फरशीवर पडलेलं सुपारीचं खांड पायाने हळूच त्याच्यापुढे सरकवलं.

रक्त थांबायच्या आत आळी जमली. शेजारच्या काकूंनी हळदीचा डबा आणला. खालच्या पोराने खर्र्यासाठी बाळगलेली चुन्याची डबी पुढे केली. गावाकडून आलेले मामाजी म्हणाले, ‘निंदताना विळा लागला का आमी कंबरमोडीचा पाला चोळतो,’ आणि टॉर्च घेऊन पाला हुडकायला गेलेसुद्धा. शेवटी समोरचे निवृत्त भाऊसाहेब मोबाइल नाचवत आले. ‘साखर भरा भाऊ, साखर! इंग्लंडात तेच करून राहिले.’

भाऊसाहेबांचे बहुतेक संदेश खोटे निघतात. हा नेमका खरा होता. झिम्बाब्वेत वाढलेल्या मोझेस मुरांडू यांच्या लहानपणी वडील जखमेला मीठ लावत, आणि घरात असली तर साखर. पुढे परिचारक आणि मग इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात अध्यापक झाल्यावर त्यांनी त्या साखरेचाच अभ्यास केला. गोम साधी आहे: साखर जखमेतलं पाणी ओढून घेते आणि जंतूंना जगायला ओल उरत नाही. मुरांबा वर्षभर नासत नाही तो याच कारणाने.

सदरकाराचं डोकं फिरलं ते ‘इंग्लंडात’ या शब्दाने. कारण गोडाची रीतसर परीक्षा आपल्या सोलापुरात कधीच झालेली आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेले 104 रुग्ण घेतले. 52 जणांना मधाची पट्टी, 52 जणांना नेहमीचं चांदीयुक्त मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, मलमाच्या गटातल्या 7 टक्के. हा निबंध 1991 साली ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे इंग्लंडातल्या डॉक्टरांनी सोलापूरचं वाचलं, आणि वर्ध्याचे भाऊसाहेब अजून इंग्लंडचं वाचताहेत. सुब्रह्मण्यम तेवढ्यावर थांबले नाहीत. मुंबईत उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी भाजलेल्यांना लावत, तर 1996 साली त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांचाच सामना लावला. बटाटा हरला. पुढे मुंबईतच शीवच्या रुग्णालयात केळीच्या पानाची पट्टी तपासली गेली. एवढा सगळा स्वयंपाकघराचा पसारा आपल्याच डॉक्टरांनी तराजूत घातला, आणि आळीत त्याचा कुणाला पत्ता नाही.

दवाखान्यातला मध जखमेसाठी वेगळा निर्जंतुक केलेला असतो, हे इथे सांगायला हवं. नाहीतर पुढच्या रविवारी चार वाचक चिकट बोटं घेऊन दारात उभे राहतील.

त्यातून स्वयंपाकघरातली बाटली म्हणजे आणखी पंचाईत. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या 13 ब्रँडचा मध तपासला. सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त तीन. बाकीच्यांत साखरेचा पाक. म्हणजे मध समजून लावाल ती साखरच निघायची, आणि तीही मधाच्या भावाने! अशी बाटली वर्ध्यातल्या घरात असावी म्हणजे फारच झालं. इथल्या मगनवाडीत 1934 साली ग्रामोद्योग संघ उभा राहिला, मधमाशापालन त्याच्या उद्योगांपैकी एक. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी तर अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या सांगताना वाघ, माकड आणि पक्ष्यानंतर मधमाशी उभी केली: स्वतःपुरतं न पाहता पोळ्यासाठी राबणारी. पाक ओतणाऱ्यांना त्यांनी कुठल्या पायरीवर बसवलं असतं, यावर सदरकार आणि भाऊसाहेब यांची बारा वाजेपर्यंत खडाजंगी झाली. भाऊसाहेब म्हणाले, माकडाच्या. सदरकार म्हणाला, माकड निदान फांदी फळाच्या भावाने विकत नाही.

तोवर मामाजी मुठीत पाला घेऊन परतले. टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर ती कंबरमोडी नव्हती, कुणाच्या तरी कुंडीतली शेवंती होती.

अखेर भाऊसाहेबांचं मन मोडवेना म्हणून बोटावर चमचाभर साखर दाबून धोतराच्या चिंधीने पट्टी बांधली. पहाटे चारला बोटाला गुदगुल्या होऊ लागल्या. दिवा लावला, तर भिंतीतल्या फटीपासून गादीवर, गादीवरून उशीवर, आणि उशीवरून थेट तर्जनीपर्यंत मुंग्यांची शिस्तीची रांग. काही जणी दाणा घेऊन परतीच्या वाटेलाही लागलेल्या. सकाळी डॉक्टरांनी जखम धुतली, दोन टाके घातले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. साखरेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. सुपारीबद्दल मात्र विचारलं.

टाके पुढच्या बुधवारी निघतील. अडकित्ता त्या रात्रीपासून घरात सापडत नाही.