जनसुनावणीची भाषा

खाण, धरण, मोठा कारखाना अशा कामास परवानगी देण्यापूर्वीं हवा, पाणी व जमीन यांवर त्याचा काय परिणाम होईल याचा अहवाल करून लोकांचें म्हणणें ऐकावें, असा नियम केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनें घालून दिला आहे. विद्यापीठांत पर्यावरणशास्त्र शिकणारीं कांहीं मुलें, आमच्याच वाचकांचीं, दिवाळीच्या सुटींत आम्हांस भेटलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, अहवालांत मजकूर पुष्कळ असतो. परंतु ज्याची जमीन त्यास तो कळावा अशी कोणाची खटपट दिसत नाहीं.

प्रथम आम्हांस हें तरुणपणाचें बोलणें वाटलें. परंतु नियम काढून पाहिल्यावर तें खोटें म्हणवेना. सुनावणीपूर्वीं निदान ३० दिवस सूचना द्यावी लागते. मूळ अहवाल शेंकडों पानांचा व इंग्रजींत; मराठींत हातीं येतो तो बहुधा त्याचा सारांश, आणि त्यास मर्यादा दहा पानांची! आपल्या विहिरीचें पाणी किती हात खालीं जाईल, धूळ कोणत्या शिवारावर बसेल, हें शेतकऱ्यास हवें असतें. त्याऐवजीं परिणाम मर्यादित राहील, एवढ्यावर त्याची बोळवण होते. एका विद्यार्थिनीनें सुचविलें कीं, नकाशावर नुसते अक्षांश-रेखांश न देतां गट नंबर व ओढ्यांचीं नांवें लिहावींत. ही साधी गोष्ट अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारांस सुचूं नये याचें नवल वाटतें. अर्थात् त्यांची फी प्रकल्पवाला देतो, शेतकरी देत नाहीं.

सन २०२० मध्यें हाच नियम बदलण्याचा मसुदा निघाला, तोहि इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत. तेव्हां देशांतील अनेक विद्यार्थ्यांनीं त्यावर आक्षेप पाठविले. पुढें ३० जून २०२० रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषांत त्याचें भाषांतर करण्याचा हुकूम दिला.

मात्र मोबाइलवर चित्रफीत पाठविली कीं काम भागलें, हें या मुलांपैकीं कांहींचें मत आम्हांस मान्य नाहीं. चित्रफितीस उलट प्रश्न विचारतां येत नाहीं.

आणि दोष केवळ सरकारचा आहे काय? सुनावणीस अमुक इतके लोक हजर पाहिजेत असें बंधन नाहीं. दहा माणसें आलीं तरी ती पुरी होते. शेवटीं इतिवृत्त लोकांच्या भाषेंत वाचून दाखवून त्याच दिवशीं त्यावर सही व्हावयाची असते. पण गुरांची वेळ झाली म्हणून आपण त्यापूर्वींच उठतों! पंचनामा न वाचतां आपण कधीं अंगठा उठवूं काय? शिवाय लेखी हरकतहि देतां येते, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें.

ज्यांच्या गांवीं अशी सूचना लागली असेल त्यांनीं ती विलंब न लावतां आमच्याकडे धाडावी. शनिवार-रविवारीं गांवीं येऊन मूळ अहवाल मराठींत समजावून सांगण्याचें या मुलांनीं कबूल केलें आहे.