प्रयोगशाळेतील बर्नर : कपाटात की टेबलावर?

बारावीच्या रसायनशास्त्राला लेखी परीक्षेचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. दहावीच्या विज्ञानालाही लेखीचे ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक शाळांतून प्रयोगशाळेचे कुलूप निघते, बर्नरवरची धूळ झटकली जाते आणि वर्षभर न वापरलेली रबरी नळी पुन्हा गॅसच्या नळाला जोडली जाते. आमच्या मते धोका नेमका इथे आहे. रोज पेटणारा बर्नर क्वचितच घात करतो, कारण त्याचे दोष हाताळणाऱ्याच्या ध्यानात आलेले असतात. वर्षातून आठ दिवस पेटणाऱ्या बर्नरची मात्र कोणालाच पुरती ओळख नसते.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५५ च्या सुमारास वापरात आणलेला हा बर्नर दगडी कोळशापासून मिळणाऱ्या गॅससाठी घडविला होता. आपल्याकडे भोकरसारख्या तालुक्याच्या गावी वापरला जातो तो सिलिंडरमधील एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. एक घनफूट मिथेन जळण्यास सुमारे दहा घनफूट हवा पुरते, प्रोपेनला सुमारे चोवीस लागते आणि ब्यूटेनला एकतीसच्या आसपास. म्हणून एलपीजीच्या बर्नरचे आतील छिद्र बारीक असावे लागते. दुसऱ्या गॅससाठी बनविलेला जुना बर्नर सिलिंडरला जोडला, तर ज्योत पिवळी व काजळी धरणारी येते, परीक्षानळी काळी होते आणि विद्यार्थी नळ अधिकच उघडत जातो. खरेदी करताना "एलपीजीसाठीचा बर्नर" असे स्पष्ट सांगून घेणे हा किरकोळ वाटणारा, परंतु निर्णायक मुद्दा आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. ब्यूटेन तर जवळजवळ दुप्पट. गळलेला गॅस छताकडे जात नाही. तो टेबलाखाली, मोरीत, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात दोन भाग एवढे झाले तरी ठिणगी पुरते. उंचावरच्या खिडक्या उघड्या आहेत म्हणून निर्धास्त राहणे त्यामुळे चुकीचे ठरते. जमिनीलगत झरोका हवा आणि दार उघडे हवे. सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, उभा ठेवलेला असावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत सिलिंडर कोंडून ठेवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. घरगुती जोडणीचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरता असतो, पोषण आहाराचा त्या स्वयंपाकघरापुरता. प्रयोगशाळेसाठी शाळेने रीतसर वेगळी जोडणी घ्यावी.

गळती कळावी म्हणून एलपीजीत मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. घरात हा इशारा पुरेसा ठरतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र क्षारांच्या पृथक्करणासाठी हायड्रोजन सल्फाइड वायू वापरला जातो, त्यालाही कुजक्या अंड्यांचा वास असतो आणि तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. "प्रयोगशाळेत वास येणारच" असे म्हणण्याची सवय जडलेल्या शिक्षकाला गळतीचा वास वेगळा ओळखू येईल, हा भरवसा धरता येत नाही. साबणाचे पाणी नळीच्या दोन्ही टोकांना लावून बुडबुडे येतात का ते पाहणे हाच खात्रीचा उपाय, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. वास आलाच तर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, मुलांना बाहेर काढावे, आणि पंख्याचे किंवा दिव्याचे बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रयोगशाळेच्या दारावर लिहिलेला असावा.

पेटविण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. हवेची छिद्रे कडी फिरवून बंद करावीत, काडी आधी पेटवावी, ती बर्नरच्या तोंडाशी बाजूने धरावी आणि मगच नळ उघडावा. नळ आधी उघडून काडी शोधत बसणे हीच बहुतेक भडक्यांची सुरुवात असते. पेटल्यावर छिद्रे हळूहळू उघडली की निळी, तापदायक ज्योत मिळते. ही निळी ज्योत दुपारच्या लख्ख उजेडात जवळजवळ दिसत नाही. काम थांबले असताना छिद्रे बंद करून ज्योत पिवळी ठेवावी, म्हणजे ती डोळ्यांना दिसते. गॅस कमी आणि हवा जास्त झाली तर ज्योत नळकांड्यात उतरून तळाशी जळू लागते. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, नळकांडे तापते आणि रबरी नळी वितळू शकते. अशा वेळी बर्नरला हात लावू नये, नळ बंद करावा आणि बर्नर थंड होईपर्यंत थांबावे. नळीने पेट घेतला तरी आधी गॅस बंद करावा. गॅस वाहत असताना ज्योत फुंकून विझविली, तर न जळालेला गॅस खोलीत साचतो.

गॅस नको म्हणून कित्येक शाळा स्पिरिटच्या दिव्याकडे वळल्या आहेत. तो निरुपद्रवी आहे हा समज आम्हांस मान्य नाही. बर्नरचा नळ बंद केला की इंधन थांबते. सांडलेले स्पिरिट तसे थांबत नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळेत ज्वालापरीक्षेचे रंग दाखविताना मिथेनॉलचा भडका उडून विद्यार्थी भाजले. अशाच प्रयोगाने २००६ मध्ये ओहायोत एक विद्यार्थिनी गंभीर भाजली होती. आपल्याकडे तीच परीक्षा बर्नरच्या निळ्या ज्योतीत क्षाराचा कण धरून केली जाते, आणि ती पद्धत अधिक सुरक्षित आहे. स्पिरिटचा दिवा वापरायचाच असेल तर पेटता असताना त्यात स्पिरिट भरू नये, एका दिव्याने दुसरा पेटवू नये आणि तो झाकण ठेवूनच विझवावा.

मुलींच्या गणवेशातील ओढणी हा विषय शिक्षक संकोचाने टाळतात. तो टाळू नये. ओढणी पाठीमागे घट्ट बांधलेली किंवा काढून ठेवलेली असावी, वेण्या बांधलेल्या असाव्यात. नायलॉनचे कापड जळताना वितळून कातडीला चिकटते, म्हणून प्रयोगाच्या दिवशी सुती कपडे बरे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे असे वैद्यकशास्त्र सांगते. शाई, हळद, टूथपेस्ट यांनी इजा वाढते. परंतु ज्या प्रदेशातील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळ उघडताच पाणी येईल असे कसे गृहीत धरावे? तोटी असलेले भरलेले पिंप प्रयोगशाळेत हवेच. भोकरहून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लांब आहे, तोवर हेच पाणी उपयोगी पडते.

हे सारे करणार कोण? राज्य सरकारच्या ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील शिपाई व प्रयोगशाळा परिचर यांसारखी चतुर्थ श्रेणीची पदे निवृत्तीनंतर न भरता शाळेला भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण भागासाठी तो दरमहा ५००० रुपये आहे. संध्याकाळी प्रत्येक नळ तपासून रेग्युलेटर बंद करणारा माणूसच त्यामुळे यादीतून गेला. भत्त्यावर आलेल्या माणसाला झाडलोट सांगता येते, प्रयोगशाळेची जोखीम सोपविता येत नाही. हा खर्चकपातीचा निर्णय होता आणि तो चुकीच्या ठिकाणी केला गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण आपल्या भागाला अधिक लागू पडते. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे उघडून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यापुढची पायरी मात्र अशी निघाली की महाविद्यालयात केवळ नाव आणि शिकणे सारे शिकवणीत. २०१८ मध्ये राज्याच्या काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा उपाय योजावा लागला, तो यासाठीच. अशा विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याच्या वहीवरून उतरलेली असते आणि तो पहिल्यांदा बर्नर पेटवितो ते परीक्षकासमोर.

कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत ९४ बालके दगावली. त्या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, अग्निशामक साधने आणि शिक्षकांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. पुष्कळ संस्थाचालकांनी यातून सोयीचा अर्थ काढला: गॅसच नको, प्रयोगच नको. धर्मप्रांताची शाळा असो वा जिल्हा परिषदेची, कुलूपबंद प्रयोगशाळेला आम्ही सुरक्षित म्हणणार नाही. पालकसभेत शुल्क आणि निकाल यांवर बोलून झाले की तीन प्रश्न विचारण्यास हरकत नाही: नळी शेवटची केव्हा बदलली, सिलिंडर कोठे ठेवला आहे आणि या सत्रात मुलाने स्वतःच्या हाताने बर्नर किती वेळा पेटविला.