मिसिंग आणि मिस्त्रीचे इमान

रत्नागिरीच्या पावसात गाडी मिसिंग करू लागली की आपले काही मिस्त्री बांधव सगळे प्लग, सगळ्या कॉईल बदलून मोकळे होतात. चांगला पार्ट खराब सांगून बदलणे ही हलाल कमाई नव्हे. बहुधा कॉईलखाली नुसती ओलच असते. स्कॅनरवर पी ०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस, एवढेच. प्रत्येक प्लगला वेगळी कॉईल असेल तर ती तीन नंबरवर लावा, कोड पुसा, गाडी चालवून पाहा. ०३०३ आला तर कॉईल गेली. नाहीतर प्लग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन तपासा. मात्र मिसिंगवर गाडी दामटू नये. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि कॉईलच्या कितीतरी पट बिल गिऱ्हाइकाच्या माथी येते.