काटा खरे बोलतो काय?

वडोदऱ्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. यजमानांच्या पश्चात दारात उभी असलेली जुनी मोटारसायकल चिरंजीवांनी हौसेने चालू करून घेतली. पुढे एके दिवशी अतिवेगाबद्दल दंडाचा कागद घरी आला. कागदावर वेग ६२. मुलगा म्हणतो, काटा ५० वर होता. वडोदऱ्याहून भडोचला जाऊन आले असता मीटरमधील किलोमीटर रस्त्यावरील दगडांशी बरोबर जुळतात, असेही त्या लिहितात आणि विचारतात, ‘खोटे कोण बोलते, मुलगा की यंत्र?’

भगिनींनी किलोमीटरचा उल्लेख जाता जाता केला आहे. परंतु सारे निदान त्या एका वाक्यात आहे. ते कसे, हे समजण्यासाठी मीटरचे पोट उघडून पाहू. (पाठ्यपुस्तकात यास ‘वेगमापक’ म्हणतात. हा शब्द घेऊन आपण गॅरेजात गेलात तर मेकॅनिक आपल्याकडेच पाहात राहील. म्हणून आम्हीही मीटरच म्हणतो.)

जुन्या गाडीत बहुधा पुढच्या चाकाशी दोन लहान दातेरी चक्रे असतात. चाक फिरले की ती एक लवचिक केबल फिरवितात. केबलचे वरचे टोक मीटरमध्ये जाऊन दोन कामे करते. पहिले, किलोमीटरचे आकडे चक्रांच्या साह्याने पुढे ढकलणे. हे सरळ दात्याला दाता लागून होते. दुसरे काम गमतीचे आहे. केबल एक लोहचुंबक फिरविते. त्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श मुळीच नसतो. चुंबक फिरू लागला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जेथे थांबते, तेथे तिच्यावरील काटा थांबतो. १९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झे यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. केबलच्या मीटरांत तीच अजून चालू आहे.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. किलोमीटर बरोबर, म्हणजे चाक, दातेरी चक्रे, केबल आणि टायरचे माप ही सर्व मंडळी निर्दोष. टायर मोठ्या मापाचा बसविला असता तर काट्याबरोबर किलोमीटरही कमी पडले असते. टायर झिजला तर उलट होते: घेर घटतो, चाक अधिक फेरे घेते, काटा जास्त दाखवितो, परंतु ही चूक शेकडा एक-दोनच. तेव्हा दोष मीटरच्या डोक्यातच आहे. चुंबक वर्षानुवर्षे क्षीण झाला असावा, किंवा वाटीच्या खुंटीवरील तेल वाळून चिकट झाले असावे. चिकटपणा असेल तर काटा आळसावतो: वेग वाढताना मागे राहतो आणि कमी होताना वरच रेंगाळतो. चुंबक क्षीण असेल तर काटा हलतो चपळ, पण सर्वत्र त्याच प्रमाणात कमी दाखवितो.

हे घरीही पडताळता येते. रहदारी नसेल अशा सरळ रस्त्यावर काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून पाच किलोमीटर जावे. घड्याळ मागे बसणाऱ्याने पाहावे, चालविणाऱ्याने नव्हे. एका किलोमीटरला सरासरी किती सेकंद लागले, त्या संख्येने ३६०० ला भागावे. येईल तो खरा वेग. ७२ सेकंद म्हणजे ५०, ६० सेकंद म्हणजे ६०. हल्ली मोबाइल उपग्रहांच्या आधारे वेग सांगतो, त्याच्याशीही ताडून पाहावे. मात्र वेग अर्धा मिनिट तरी स्थिर हवा.

इतर घरांतील तक्रारी निराळ्या असतील. काटा आणि आकडे दोन्ही थांबले, तर केबल तुटली किंवा चाकाजवळचे दाते गेले. आकडे चालतात आणि काटा मेला, तर मीटर उघडावे लागेल. काटा थरथरतो, तेव्हा केबल कोरडी पडलेली किंवा कोठेतरी आवळून वाकलेली असते. येथे उत्साही माणसे केबलला भरपूर ग्रीस चोपडतात, आणि महिनाभरात काटा टोकाला जाऊन चिकटतो! केबलच्या तारांना पीळ असल्याने फिरताना ती ग्रीस वर वर चढविते आणि ते थेट वाटीत उतरते. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागासच, तेही बोटाने पुसल्यासारखे लावावे. वरची चार बोटे कोरडी ठेवावीत.

भगिनींच्या मीटरला जाणत्या मीटर-दुरुस्तीवाल्याकडेच नेले पाहिजे. तो ते स्वच्छ करील, चुंबकास पुन्हा बळ देईल आणि ठराविक गतीने फिरवून काटा लावील. किलोमीटरला १००० फेऱ्यांचे मीटर असेल, तर मिनिटाला १००० फेरे दिले असता काटा ६० वर यावयास हवा. हे समोर करून दाखविण्याचा आग्रह धरावा. नवे मीटर घ्यावयाचे झाल्यास फेऱ्यांचा हिशेब जुळतो काय, ते आधी विचारावे. जुन्या इंग्लिश मीटरांवर १६०० हा बारीक आकडा आढळतो. ते मैलामागचे फेरे होत. बाहेरून सारखे दिसणारे मीटर आतून सारखे असेलच असे नाही.

काटा थोडा जास्त दाखवीत असेल तर आम्ही त्यास फारसा दोष देणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतील ३९ वा नियमही ठराविक मर्यादेत जास्त दाखविण्यास मुभा देतो. खऱ्या वेगाहून कमी दाखविणे मात्र त्यास मुळीच मान्य नाही. कारण उघड आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी जे अंतर घसटत जाते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० समजून ६२ ने जाणाऱ्या मुलाला थांबण्यास दीडपट जागा लागते, आणि ती लागणार आहे हे त्याला ठाऊक नसते.

तेव्हा भगिनींनी मुलावर अविश्वास धरू नये. त्याने जे पाहिले तेच सांगितले असावे. मीटर दुरुस्त होईपर्यंत मात्र काटा ४० वर म्हणजे गाडी ५० ने चालली आहे, असा हिशेब धरून त्याने चालवावी. दंड भरावाच लागेल. गाडी खरोखरच ६२ ने गेली होती.