चौक मोकळा झाला, पादचारी अडकला

पुण्याच्या पश्चिमेस मुंबई-बंगळूर महामार्ग ओलांडून मुळशीकडे जाणारा रस्ता जेथे निघतो, तो चांदणी चौक अनेक वर्षे वाहतूक कोंडीसाठी कुप्रसिद्ध होता. ऑगस्ट २०१७ मध्ये नव्या रचनेचे भूमिपूजन झाले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला. हा सोहळा (सोहळाच तो!) असंख्य लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. अखेर १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलाचे उद्‌घाटन झाले.

कोंडी कमी झाली, हे मान्य करावेच लागेल. मात्र, उद्‌घाटनानंतर महामार्ग पायी ओलांडणाऱ्यांचा प्रश्न पुढे आला. कोंडीत थांबलेल्या वाहनांमधून कशीबशी वाट काढता येत असे. वाहने वेगाने धावू लागताच तीही बंद झाली. पादचारी पुलाच्या मागणीने जोर धरला, तो त्यानंतर.

चौक सुधारण्याचा आराखडा वाहनांच्या मोजणीपासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो, ही यातील खरी अडचण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाचवा बळी चालणाऱ्याचा.

शहरातील चौकांत तर उपाय साध्या हिशेबात दडलेला आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर ३० मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास २५ सेकंद लागतात. काठी टेकत चालणाऱ्या वृद्धास त्याहून कितीतरी अधिक. सिग्नलवर तेवढा वेळ द्यावयाचा नसेल, तर मध्ये दुभाजकावर सुरक्षितपणे थांबण्यापुरती जागा तरी हवी. डावीकडे वळणाऱ्या वाहनांना सदैव मुभा असलेल्या चौकांत पादचाऱ्याच्या वाट्याला एकही निर्धास्त क्षण येत नाही. तेथे कोपऱ्याचे वळण थोडे आखूड केले, तरी वाहनांचा वेग आपोआप उतरतो. या कामांना रंग, कर्बचे दगड आणि थोडी देखरेख पुरते. भूमिपूजन लागत नाही, कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावीत.

पादचारी पूल हे या सर्वांवरचे एकच उत्तर मानण्याची सवयही तपासून पाहावयास हवी. जिने चढणे ज्यांना झेपत नाही, ते दुभाजक ओलांडूनच जातात आणि दोष त्यांच्या बेशिस्तीला दिला जातो. शहरातील चौकात रस्त्याच्या पातळीवरच ओलांडण्याची सोय शक्य असते. महामार्गावर ती शक्य नसते. तेथे पूल किंवा भुयारी मार्ग अटळच. पण मग तो उतार असलेला वा उद्वाहकासह, आणि वाहनांच्या मार्गिकांबरोबरच मूळ नकाशात हवा.