कुस्ती मातीत, निकाल गादीवर

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितो. आपल्याकडे माळेगावची खंडोबाची यात्रा झाली, पाठोपाठ महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वराची यात्रा आली, की घरोघरी कुस्तीचा विषय निघतो. तरुण म्हणतात, माती आता जुनी झाली, गादीच खरी. म्हातारे म्हणतात, गादीने कुस्ती बुडवली. माझे म्हणणे या दोघांपेक्षा वेगळे आहे. माती ठेवा किंवा गादी ठेवा, पण एकाला त्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याला परक्या जमिनीवर लढवून त्याला न्याय म्हणू नका.

आता हे "जमीन" प्रकरण काय आहे, ते ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हौद्यातली माती म्हणजे शेतातली ढेकळे नव्हेत. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल मिसळतात आणि रोज उकरून मऊ करतात. आपल्या मराठवाड्याची काळी चिकट माती या कामाची नाही. या मातीत पाय किंचित रुततो, अंग घामाने आणि मातीने माखते, पकड हळूहळू बसते. म्हणून मातीतली कुस्ती ताकदीची, दमाची आणि लांबणारी. लंगोट-जांघियाला हात घालून डाव टाकता येतो.

गादीवर सगळेच उलटे. पायात बूट, त्यामुळे पाय घट्ट रोवला जातो. झेप घेऊन पट काढणे सोपे. पोशाखाला धरायचे नाही. वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, त्यात वेगाला किंमत. थोडक्यात, नाव एकच, पण विद्या दोन.

आता महाराष्ट्र केसरीकडे या. १९६१ साली ही स्पर्धा पहिल्यांदा भरली ती आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादेत. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली हा किताब मिळवला. आज या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटची कुस्ती होते. ती कुठे? गादीवर! जो मल्ल मातीत एकेक गडी पाडत वर आला, त्याला सगळ्यात मोठ्या कुस्तीला दुसऱ्याच्या अंगणात उतरायचे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला आपला लातूरचा शैलेश शेळके असाच मातीतून वर आला आणि हर्षवर्धन सदगीरकडून ३-२ असा हरला. सदगीर चांगलाच मल्ल, त्याच्या विजयाबद्दल तक्रार नाही. जिंकल्यावर त्याने शैलेशला खांद्यावर घेतले, हे तर मनाचा मोठेपणा झाला. पण एका गुणाच्या फरकात जमिनीचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला हरकत काय?

यावर ठरलेले उत्तर येते, "ऑलिंपिक गादीवर असते, सर!" मान्य. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवी होती, सहावे आले. सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले. पण यातून उलट हेच सिद्ध होते की गादी ही वेगळी शिकावी लागते. मग मातीचा विभाग ठेवताच कशाला? ठेवायचा असेल तर शेवटची लढत एक मातीत, एक गादीवर अशी घ्या. बरोबरी झाली तर तिसरीसाठी नाणे उडवा.

बरोबरीचेही तसेच. यात्रेत पंच दोघांचे हात वर करतात, "बरोबरीत सुटली" म्हणतात आणि इनाम वाटून देतात. लोक चिडतात, कारण नुरा कुस्तीचा संशय असतो आणि पुष्कळदा तो खोटाही नसतो. पण दोघे खरेच तोडीस तोड लढले असतील तर बरोबरीत लाज कसली? तिकडे आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१२ पर्यंत डाव ०-० राहिला तर पिशवीतून चेंडू काढत, आणि ज्याचा चेंडू निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करू देत! म्हणजे बरोबरी टाळायला सोडत. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकमधून कुस्ती काढण्याची शिफारस झाली, मग नियम बदलले आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती वाचली. आता गुण समान झाले तर मोठ्या गुणांचे डाव कुणाचे, ताकीद कुणाला कमी आणि शेवटचा गुण कुणाचा हे क्रमाने पाहतात. हे पटो न पटो, आधीपासून लिहिलेले असते. आपल्या फडात मात्र वेळ किती, नंतर गुणांवर सोडवायची की नाही, हे अनेकदा कुस्ती रंगात आल्यावर ठरते. भांडणे होतात ती इथे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला नांदेडकडून लढणाऱ्या शिवराज राक्षेने खांदे टेकले नाहीत म्हणत पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. वर्गात असता तर मी बाकावर उभा केला असता. पण चित्रफीत सर्वांसमोर तपासून निर्णय देण्याची पक्की रीत असती, तर वाद इतका चिघळला असता का?

मागणी साधी आहे. सलामी होण्याआधी जमीन आणि नियम दोन्ही मल्लांना माहीत असावेत आणि दोघांना सारखे असावेत. शाळेतल्या लंगडीच्या खेळातही पोरे आधी हेच ठरवून घेतात. मोठ्यांना ते का जमू नये?